ऑफ-सीझनला जुन्या बॉयलरमध्ये आधी हात कुठं घालायचा

मार्चच्या शेवटाला शेवटची ट्रॉली काट्यावरनं गेली की चार-पाच दिवसांत बॉयलर गार होतो, मॅनहोल उघडतात आणि लगेच मीटिंग लागते. मीटिंगला सगळे यादी घेऊन येतात, आणि ती यादी म्हणजे गेल्या वर्षीचीच, वरची तारीख तेवढी बदललेली. सगळ्या ट्यूबची जाडी बघा, सगळे व्हॉल्व्ह खोला, सगळ्या फॅनची बेअरिंगं काढा. सगळं करायचं म्हटलं की सगळंच अर्धं होतंय, हे मी २२ सीझन बघायलोय, चिक्कोडी-रायबागच्या पट्ट्यात, साखर कारखान्याच्या को-जनमध्ये, म्हणजे वाफेसोबत वीज करायच्या प्लांटमध्ये. माणसं तेवढीच, पैसे त्याहून कमी, आणि जूनला पाऊस सुरू झाला की अर्धी कामं तशीच राहतात.

म्हणून हे लिहायलोय, नवीन आलेल्या डिप्लोमावाल्या पोरांसाठी मेन करून. जुन्या प्लांटची तपासणी धोक्याच्या हिशेबानं कशी लावायची. याला रिस्क बेस्ड इन्स्पेक्शन म्हणतात, रिफायनरीवाल्यांचं त्यासाठी एपीआय ५८० हे स्टँडर्ड आहे, युरोपात २०१८ ला ईएन १६९९१ हे आलं, त्यात पानंच्या पानं आहेत खरं मुळातला विचार आपल्या घरच्या बायकांना पण ठाऊक असतोय. कुकरची शिट्टी रोज बघायची, ताटाला पोचा आला तर चालतंय. फुटायची शक्यता किती आणि फुटलं तर काय होणार, या दोघांचा गुणाकार म्हणजे धोका.

पहिलं काम, तास मोजा. वर्षं नाही, तास. आपला सीझन धरा १५० दिवस, म्हणजे ३,६०० तास. असे २५ सीझन झाले तरी ९०,००० तास होतात. रायचूरसारखं वर्षभर चालणारं थर्मल वर्षाला ७,००० तास जरी चाललं तरी १५ वर्षांत लाखाच्या वर जातंय. ४०० अंशांच्या वर चालणाऱ्या भागांना बॉयलर रेग्युलेशनमध्ये १ लाख तासांचा टप्पा आहे, तिथनं पुढं उरलेल्या आयुष्याची तपासणी करायची. मग आमच्यातले काही जण म्हणतात आपला बॉयलर जुना दिसतोय खरं तासांनी तरणा आहे. निम्मं खरं आहे ते. सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवायच्या ट्यूबांच्या बाबतीत खरं. बाकी ठिकाणी उलटं, कारण आपला बॉयलर वर्षातले सात महिने बंद उभा असतो, तेही पावसाळ्यात, आणि बंद असताना लोखंडाला गंज जास्त खातोय. त्यात दर सीझनला किती वेळा गार करून परत पेटवला तेही लिहा. ऊस आला नाही म्हणून थांबला, बगॅस, म्हणजे जाळायचा उसाचा चोथा, ओला म्हणून थांबला, प्रत्येक चालू-बंदला हेडर, म्हणजे ट्यूबा जोडलेला जाड पाइप, ताणतोय आणि आखडतोय. लॉगबुकमध्ये हे सगळं आहे, फक्त कुणी बेरीज करत नाही.

दुसरं, प्लांटचे तुकडे पाडा. "बॉयलर" असा एक तुकडा करून चालत नाही. ड्रम, वॉटरवॉल (भट्टीच्या भिंतीच्या ट्यूबा), बँक ट्यूब, सुपरहीटरच्या कॉइल, त्याचे हेडर, ॲटेम्परेटर (वाफेचं तापमान उतरवणारा), इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेवर फीडचं पाणी तापवणारा), एअर प्रीहीटर (हवा तापवणारा), फीड लाइन (बॉयलरला पाणी नेणारी), डीएरेटर (पाण्यातला ऑक्सिजन काढायची टाकी), मेन स्टीम लाइन आणि तिचे हँगर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी-हवा सोडायचे २५ मिलिमीटरचे ड्रेन आणि व्हेंट, जे कुणाच्याच यादीत नसतात. ड्रॉइंग घेऊन बसू नका, ड्रॉइंग हातात घेऊन फिरा, कारण ड्रॉइंगनंतर किती बदल झालेत ते ड्रॉइंगला माहीत नसतंय.

बारक्या पाइपांचं एवढं का सांगतोय, तर एका वर्षी आम्ही निम्मं बजेट सुपरहीटरवर घातलं, बाहेरची टीम आणली, रिपोर्ट चकाचक आला. जानेवारीत पहाटे तीनला फुटला तो एक ड्रेनचा स्टब, इन्सुलेशनच्या आत. वरचा पत्रा फुटलेला, दोन पावसाळे पाणी थेट त्या इन्सुलेशनच्या लॅगिंगवर गळत होतं, लोकर भिजून भिजून आतला पाइप पापुद्र्यागत झालेला. चहाची वेळ होती म्हणून खाली कुणी नव्हतं. १४ तास कारखाना बंद, ट्रॅक्टरची रांग गेटाबाहेर रस्त्याला लागली, शेतकरी आमच्याकडं कसं बघत होते ते सांगत नाही. आणि नंतर ॲशवाला आप्पा म्हणाला, सायब तिथं दोन वर्षं गंजाचं तांबडं पाणी उतरत होतं, मी लॅगिंगवाल्याला बोललो होतो, तो म्हणाला नोडोण री. नोडोण म्हणजे कानडीत बघूया. आमच्याकडच्या निम्म्या मेंटेनन्सचं नाव नोडोण आहे.

तेव्हा तुकडे पाडताना झाडूवाला, ॲशवाला, शिफ्टचा फायरमन यांना विचारा. कुठं ठिबकतंय, कुठं आवाज बदललाय, कुठं पाय ठेवला की पत्रा गरम लागतोय.

तिसरं, प्रत्येक तुकडा कशानं मरतोय ते लिहा. इथं जरा वेळ घाला, कारण रोग कळला नाही तर तपासणी चुकीची होतीय. जाडी मोजायचं मशीन क्रॅक दाखवत नाही आणि चीर दाखवायचा रंग, डाय पेनिट्रंट, आतली झीज दाखवत नाही.

इकॉनॉमायझर आणि बँक ट्यूबला मेन रोग राखेच्या घासणीचा. बगॅसच्या राखेत वाळू असते, आणि किती असते ते शेतावर आहे. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णा-दूधगंगेच्या काठचा ऊस आला तो गाळासकट आला, त्या सीझनची झीज दोन सीझनएवढी धरायला पाहिजे. घासणी सगळीकडं सारखी नसते, जिथं गॅस वळतो, जिथं गॅस वळवायचा पत्रा, बॅफल, पडलाय आणि फट झालीय, तिथं शिट्टीगत वेगानं राख जाते आणि एकच ट्यूब खाते. म्हणून आधी बॅटरी घेऊन आत जा आणि डोळ्यांनी बघा. घासलेली ट्यूब चकाकते, कडेनं चपटी दिसते, बोटाला कळते. आत जायच्या आधी परमिट, ऑक्सिजन चेक, २४ व्होल्टचा दिवा, बाहेर एक माणूस, आणि राखेच्या ढिगात पाय घालू नका, वरनं गार दिसतोय खरं आत निखारा असतोय.

ड्रम आणि वॉटरवॉलचा रोग पाण्याचा. आपल्याकडं सगळ्यात वाईट म्हणजे कंडेन्सेटमधनं, म्हणजे वाफेचं होऊन परत आलेल्या पाण्यातनं, साखर येणं. साखर शिजवायच्या पॅनची किंवा रस आटवायच्या इव्हॅपोरेटरची ट्यूब लीक झाली की रस कंडेन्सेटमध्ये, तिथनं डीएरेटर, तिथनं ड्रम. साखर तिथल्या तापमानाला फुटून ॲसिड होतंय, पीएच धाडकन पडतो, पाणी काळपट येतं, फेस होऊन सुपरहीटरमध्ये जातं. लॅबवाले अल्फा नॅप्थॉलची टेस्ट करतात, नमुन्यात दोन थेंब, मग कडेनं सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं, जांभळी कडी दिसली की साखर आहे. मागच्या सीझनला अशी कडी किती वेळा आली आणि तेव्हा कंडेन्सेट वळवायला किती मिनिटं लागली हे रजिस्टरमधनं काढा. ज्या वर्षी जास्त वेळा आली त्या वर्षी ड्रमच्या आतलं आणि खालच्या हेडरमधलं बघणं वरच्या नंबरला जातं.

फीड लाइनचा रोग वेगळाच आणि लई कपटी. डीएरेटरमधनं ऑक्सिजन काढलेलं स्वच्छ पाणी, साधारण १३० ते १७० अंशाचं, साध्या कार्बन स्टीलच्या पाइपमधनं जोरात जातंय, तेव्हा आतला काळा ऑक्साइडचा थर विरघळत जातो आणि भिंत पातळ होत जाते. ऑरिफिसच्या, म्हणजे भोकाच्या चकतीच्या पुढं, कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढं, बेंडला. बाहेरनं काहीच दिसत नाही, गळत पण नाही, एकदम फाटतंय. जपानमध्ये मिहामा अणुवीज केंद्रात ९ ऑगस्ट २००४ ला हेच झालं, ऑरिफिसच्या पुढच्या पाइपची भिंत १० मिलिमीटरची होती ती दीडच्याही खाली आली होती. पाच माणसं गेली. ती जागा १९७६ ला प्लांट सुरू झाल्यापासनं एकदाही मोजलेली नव्हती, तपासणीच्या यादीतच ती सुटलेली. अणुभट्टीचा त्यात काही संबंध नाही, आपल्याकडं आहे तसलीच पाण्याची लाइन. बेंड बदलायची वेळ आली तर थोडं क्रोमियम असलेला, सव्वा टक्कावाला पाइप घाला, हा रोग जवळजवळ थांबतो.

डीएरेटर म्हणजे नुसती टाकी असं समजून कुणी वळून बघत नाही. तिच्या वेल्डमध्ये आतनं बारीक चिरा पडतात, पाण्याच्या पातळीजवळच्या जोडांना जास्त. त्यासाठी आत उतरून वेल्ड घासून मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (चुंबक आणि लोखंडी भुकटीनं चीर शोधायची) करायला पाहिजे, ओली फ्लोरोसंटवाली. शंभर अंशाच्या वरचं टनांनी पाणी डोक्यावर आहे हे लक्षात ठेवा, फाटलं तर क्षणात वाफ.

एअर प्रीहीटरच्या गार टोकाला घाम येऊन गंज, आणि बगॅस संपल्यावर कोळसा जाळत असाल तर त्यातल्या गंधकानं आणखी. हे गळलं तर फॅनवर लोड येतो, कार्यक्षमता जाते, माणूस मरत नाही. म्हणून ते खालच्या नंबरला, कितीही कुरूप दिसलं तरी.

आता सुपरहीटर. इथं क्रीप, म्हणजे तापमान आणि दाबाखाली लोखंड वर्षानुवर्षं हळूहळू ताणत जातंय. क्रीपला तापमानाची लई भूक. लार्सन-मिलरचा हिशेब एकदा हातानं करून बघा. केल्विनमधल्या तापमानाला २० अधिक तासांचा लॉगॅरिदम यानं गुणायचं, तेवढा आकडा धातू सहन करतो. धरा ५४० अंशाला एका ट्यूबचं आयुष्य १ लाख तास, म्हणजे ८१३ केल्विन, लाखाचा लॉगॅरिदम ५, त्यात २० मिळवून २५, ८१३ गुणिले २५, झाले २०,३२५. आता तीच ट्यूब ५५० अंशाला चालली तर २०,३२५ भागिले ८२३, येतात २४.७, त्यातनं २० वजा, उरले ४.७, म्हणजे जवळपास ५०,००० तास. दहा अंशात आयुष्य निम्मं. म्हणून लोड वाढवायच्या नादात स्टीम टेंपरेचर जरा वर गेलं तर काय होतंय असं विचारणाऱ्याला हा हिशेब दाखवा. आणि मीटरवर दिसतंय ते वाफेचं, धातूचं त्याहून जास्त असतंय.

चौथं, फुटलं तर काय. हे इंजिनिअरनं एकट्यानं बसून लिहू नये. प्रॉडक्शन, लॅब, स्टोअर, ऊस विभाग सगळे पाहिजेत. पहिला प्रश्न कायम एकच, तिथं माणूस असतो काय. बर्नर फ्लोअर, फीड पंपाची जागा, ड्रमच्या गेज ग्लासजवळचा जिना, इथं शिफ्टला सतत वर्दळ असते. दुसरा प्रश्न, कारखाना थांबणार काय. आपल्याकडं वाफ आणि करंट एकाच जागेवरनं येतो, बॉयलर पडला की मिल पडली, तोडलेला ऊस फडात आणि ट्रॉलीत वाळत राहतो, वजन पण जातं आणि रिकव्हरी पण. तिसरा, स्पेअर कधी मिळणार. बेअरिंग बेळगावात दुपारपर्यंत मिळतंय, पंपाची स्लीव्ह तिथल्याच उद्यमबागेच्या वर्कशॉपात दोन दिवसांत टर्न करून मिळते, खरं सर्टिफिकेटसकट अलॉय ट्यूब किंवा ट्रान्सफॉर्मरची बुशिंग सीझनमध्ये मिळवणं म्हणजे देवाला नारळ.

मग एक मोठा कागद घ्या, आडव्या पाच घरात शक्यता, उभ्या पाच घरात परिणाम, आणि प्रत्येक तुकड्याची चिठ्ठी चिकटवा. भांडणं होतील, होऊ देत. आमच्याकडं धूर ओढणाऱ्या आयडी फॅनच्या इंपेलरवरनं तासभर वाद झालेला. वर उजव्या कोपऱ्यात जे जाईल ते यावर्षी, बाकी यादी बघून. माहितीच नसेल, कधी मोजलंच नसेल, तर त्याची शक्यता मधली धरू नका, वरची धरा. मिहामाचा पाइप तसाच होता. ज्या ट्यूबनं दोनदा लीक दिला तिच्यावर सगळ्यांचं लक्ष असतंच.

एका गोष्टीत इथं गफलत होते. तपासणीनं धोका आपोआप कमी होत नाही. मोजलं म्हणून ट्यूब जाड होत नाही. कमी होतंय ते आपलं अज्ञान, आणि त्यावरनं बदलायचं, दुरुस्त करायचं, का दाब-तापमान उतरवायचं हे ठरवलं तरच उपयोग. परिणाम कमी करायचा तर वेगळी कामं आहेत, जाण्यायेण्याची वाट बदला, ड्रेनच्या समोर पत्रा लावा, स्पेअर आधीच आणून ठेवा.

पाचवं, जाडी मोजणं, कारण शेवटी सत्तर टक्के काम हेच. ट्यूब घासून चकचकीत करा, गंजावर आणि रंगावर प्रोब ठेवून आकडा जास्त येतो. स्टेप ब्लॉकवर रोज सकाळी कॅलिब्रेट करा. प्रोबवर मधली रेघ असते ती ट्यूबच्या लांबीला आडवी धरा. एका जागी तीन वेळा घ्या, कमीतला लिहा. पत्रा लई पातळ असेल तर मशीन कधीकधी दुप्पट आकडा दाखवतंय, शेजारच्यापेक्षा अचानक जाड आली तर खुश होऊ नका, परत मोजा. आणि जागेचं नाव ठरवा. डावी ट्यूब म्हणजे कुणाच्या डावीकडची? आमच्याकडं एक वर्ष फायरिंग साइडकडनं मोजलं, पुढच्या वर्षीच्या कंत्राटदारानं मागनं मोजलं, दोन वर्षांचे आकडे एकमेकाला जुळेनात, सगळी मेहनत पाण्यात. आता भिंतीवर ऑइल पेंटनं लिहून ठेवलंय, बॉयलरकडं तोंड करून फीडरच्या बाजूनं, डावीकडनं एक.

आकडे आले की वाचायचे कसे बघा. एका बेंडची जाडी ३.२ आहे, तीन सीझन आधी ३.८ होती. सीझनला ०.२ गेली. कमीत कमी लागणारी जाडी हिशेबानं २.६ धरू. उरले ०.६, म्हणजे तीन सीझन. तपासणी उरलेल्या आयुष्याच्या निम्म्याच्या आत करायची असा नियम ठेवा, म्हणजे दीड, म्हणजे दर ऑफ-सीझनला बघायचंच. दुसरी ट्यूब ३.१ आहे, पहिलीपेक्षा पातळ, खरं तीन सीझन आधी ३.२ होती. एवढा फरक तर मशीनच्या चुकीतच बसतोय. ही अजून बरीच वर्षं चालणार. मीटिंगमध्ये कायम दुसरीच बदलतात, कारण कागदावर तिचा आकडा लहान. एकाच वर्षाचे आकडे कितीही सुंदर असले तरी त्यावरनं वेग कळत नाही, जुने रजिस्टर रद्दीत घालणाऱ्याला उभा करून विचारलं पाहिजे.

सुपरहीटरच्या हेडरला आणि मेन स्टीमच्या बेंडला नुसती जाडी पुरत नाही, तिथं रेप्लिका, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाचा ठसा, घेतात. जागा घासून आरशागत पॉलिश करायची, नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक ॲसिड, लावायचं, ॲसिटोननं ओली फिल्म दाबायची, ती सोलून मायक्रोस्कोपखाली. सुट्ट्या पोकळ्या दिसल्या तर नजर ठेवा, पोकळ्या ओळीनं लागल्या तर ठरलेल्या मुदतीत परत बघा, बारीक चिरा जोडल्या गेल्या तर दुरुस्तीची तारीख घ्या, मोठी चीर दिसली तर आत्ताच. जागा निवडायला कंत्राटदारावर सोडू नका, तो जिथं शिडी सहज लागते तिथं घेतो. बेंडची बाहेरची पाठ, हेडरला जोडलेल्या स्टबचा वेल्ड, ॲटेम्परेटरच्या पुढचा भाग, हे तुम्ही खडूनं मार्क करून द्या. जाताजाता हँगरच्या स्प्रिंगचे गरम आणि गार दोन्ही आकडे लिहा, एखादा हँगर जाम झाला की सगळं वजन शेजारच्या वेल्डवर.

टर्बाइन, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर यांना पण हाच कागद, फक्त रोग वेगळे. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची डीजीए, म्हणजे तेलात विरघळलेल्या गॅसची तपासणी, दर ऑफ-सीझनला करा, त्यात ॲसिटिलीन वाढत असेल तर आत ठिणगी होतीय.

हायड्रॉलिक टेस्ट पास झाली, बॉयलर इन्स्पेक्टर साहेबांनी सही केली, म्हणून वरचं सगळं सुटलं असं नाही. थंड पाण्याच्या टेस्टमध्ये आज गळत नाही एवढंच कळतंय, क्रीप त्यात दिसतच नाही.

आणि बंद ठेवायची पद्धत. धो धो पावसाच्या खानापूरकडं तर सोडाच, आमच्याकडं पण जुलै-ऑगस्टला हवेत पाणी असतंय. बॉयलर अर्धवट पाणी ठेवून उघडा सोडला तर पाण्याच्या रेषेला खड्डे पडतात. एक तर पूर्ण भरा, पीएच वर ठेवून, ऑक्सिजन मारायचं केमिकल घालून, दर आठवड्याला नमुना बघून. नाही तर पूर्ण सुकवा, सिलिका जेलच्या थैल्या ठेवा, मॅनहोल बंद करा, महिन्याला उघडून जेल बघा, रंग बदलला की भाजून परत. राख पण धुऊन-झाडून काढा, ओली राख ट्यूबला चिकटून बाहेरनं खाते. आणि वरचा पत्रा. माझ्या यादीत आता पहिली ओळ कायम छपराच्या पत्र्याची असते, लोक हसतात.

ट्यूबची ऑर्डर मे संपायच्या आत गेली पाहिजे, सर्टिफिकेट तपासायला आणि वेल्डरची टेस्ट घ्यायला महिना जातोच. सप्टेंबरला मागवलेल्या ट्यूबा दिवाळीनंतर येतात, तोवर चिमणीतनं धूर निघालेला असतो.